बिऱ्हाड पाठीवर : वर्धा जिल्ह्यातील तीन दिवस

प्रवासाची गोष्ट निघाली की एकत्र कुटुंबात ताबडतोब दोन पक्ष पडतात, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नसेल. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, जावयाचे तर उतरण्याची सोय आगाऊ करून, जेवणाखाण्याचा बंदोबस्त पाहून, चार माणसांच्या सोबतीने जावे. ते साधत नसेल तर घर काय वाईट आहे? तरुण मंडळींचे म्हणणे याच्या नेमके उलट. पाठीवर एक पिशवी, पायांत मजबूत जोडे आणि खिशात बेताचे पैसे एवढे असले की झाले. बाकीचे वाटेत पाहून घेता येते. हल्ली ती याला ‘बॅकपॅकिंग’ असे भारदस्त नाव देतात. आमच्या आईने ते ऐकले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “म्हणजे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर!”

गेल्या माघात नागपुरास एका लग्नाच्या निमित्ताने आमचे सारे घर गेले होते. लग्न यथासांग पार पडले. परंतु परतीच्या गाडीतील जागा मिळाल्या त्या चार दिवसांनंतरच्या. पाहुण्याच्या घरी इतके दिवस काय करावयाचे, असा विचार चालला असता आमचा पुतण्या श्रीधर याने आपली योजना पुढे केली. तीन दिवस वर्धा जिल्ह्यात हिंडावयाचे. होता होईल तो पायी जावयाचे, नाहीतर एस. टी. आहेच; आणि जे काही पाहावयाचे त्यासाठी एक पैसाही खर्चावयाचा नाही. हिशेबासाठी त्याने एक वहीसुद्धा घेतली होती. त्याची धाकटी बहीण मुक्ता हिने लगेच “मीही येणार” म्हणून सांगून टाकले.

मुक्ताच्या जाण्यास आमच्या वडील बंधूंनी हरकत घेतली. वहिनी सहसा चारचौघांत त्यांच्याविरुद्ध बोलत नाहीत, पण त्या दिवशी त्या म्हणाल्या, “मी तिच्या वयाची असताना मला कोणी जाऊ दिले नाही. तिला तरी जाऊ द्या.” यावर दादा काही बोलले नाहीत. शेवटी “काका बरोबर जात असतील तर माझी ना नाही” असा तोडगा त्यांनी काढला, आणि पन्नाशी ओलांडल्यावर आमच्याही पाठीवर बिऱ्हाड आले.

आईची हरकत मात्र निराळी होती. ती म्हणाली, “पोरीने जाऊ नये असे मी म्हणत नाही. पण सकाळपासून ‘फुकट, फुकट’ हा काय जप चालविला आहे? श्रीधर, तुझे खापरपणजोबा पुण्यात सात घरी वार लावून जेवले आणि शिकले. पण आपण फुकट जेवलो, असे त्यांनी जन्मात कधी म्हटले नाही. नोकरी लागल्यावर अखेरपर्यंत त्यांच्या पंक्तीला दोन विद्यार्थी असत.” श्रीधर हसला, “आजी, तो काळ वेगळा” असे म्हणाला, आणि पिशवी बांधू लागला. आईने त्या पिशवीत दशम्या आणि दाण्याची चटणी घातली व विषय तेवढ्यावर थांबला. तो पुढे कोठे जाऊन पोहोचला, हे सांगण्यासाठीच हा लेख.

नागपूरहून वर्धा सुमारे ऐंशी किलोमीटर. हावडा-मुंबई या मुख्य लोहमार्गावरचे हे जंक्शन असून दक्षिणेस बल्लारशाकडे जाणारा मार्ग येथूनच फुटतो. त्यामुळे गाड्यांची वाण नाही. साध्या डब्याचे तिकीट काढून आम्ही सकाळीच वर्ध्यास उतरलो. येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. जवळच सेवाग्राम नावाचे दुसरे स्थानक आहे. पूर्वी ते वर्धा पूर्व म्हणून ओळखले जाई. काही गाड्या एका ठिकाणी थांबतात, काही दुसऱ्या. तिकीट काढताना एवढे पाहून घेतले म्हणजे पुढची धांदल टळते.

वर्धा हे शहर म्हणून फार जुने नव्हे. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा काढण्यात आला, तेव्हा त्याचे ठाणे पुलगावजवळील कवठा या गावी होते. पुढे १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी नवे शहर आखण्यात आले. तेच आजचे वर्धा. अशा या शहरात किल्ले, वाडे, राजमहाल कोठून असणार? आणि तरीही विसाव्या शतकातील हिंदुस्थानच्या इतिहासाची काही पाने येथे जशी वाचावयास मिळतात, तशी फार थोड्या गावी मिळतील. याचे कारण एका माणसाची उदारता. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून विनोबा १९२१ साली येथे आले, १९३३ मध्ये गांधीजी आले, आणि त्यांच्यामागून सारा देश आला. जमनालालजींची बजाजवाडी म्हणजे त्या काळी देशभरच्या पुढाऱ्यांचे हक्काचे उतरण्याचे ठिकाण होते.

पहिला दिवस आम्ही शहरासाठी राखून ठेवला होता. आरंभ लक्ष्मीनारायणाच्या मंदिरापासून केला. देऊळ शहराच्या मध्यभागी आहे. श्रीधरने वहीत लिहिले, ‘मंदिर : शून्य रुपये’. आम्ही त्याला म्हटले, “या शून्याची हकीकत तुला ठाऊक आहे काय?” जुलै १९२८ मध्ये जमनालालजींनी आपल्या घराण्याचे हे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी खुले केले. तेव्हा नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह व्हावयाचा होता. तो सुरू झाला १९३० मध्ये. पंढरीच्या विठोबाचे दार तर साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली उघडले. म्हणजे ज्या उंबरठ्यावरून आपण चपला काढून सहज आत जातो, तो उंबरठा कितीएकांस लाख रुपये मोजूनही ओलांडता येत नव्हता. आपल्या पांढरपेशा घरांतील मागच्या पिढ्या त्या दाराच्या कोणत्या बाजूस उभ्या होत्या, हे मुलांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आम्ही ते सांगितले. मुक्ताने विचारले, “मग आपल्या घरात कोणी या गोष्टीला विरोध केला होता का?” आम्हांस खरे उत्तर ठाऊक होते आणि ते भूषणावह नव्हते. तरी ते दिले.

तेथून मगनवाडीस गेलो. गांधीजींच्या प्रेरणेने डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे काम येथे चाले. जो. कॉ. कुमारप्पा हे त्याचे सूत्रधार. विलायतेत हिशेबतपासणीसाचे शिक्षण घेऊन आलेला हा विद्वान, तेलघाणी, हातकागद, मधमाश्या आणि गूळ यांच्या अर्थशास्त्रात आयुष्यभर रमून गेला. येथील मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी झाले. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ ते आहे. निरनिराळे चरखे, माग, खेड्यातील कारागिरांची अवजारे येथे पाहावयास मिळतात. ज्या मुलांनी सूत केवळ रिळावरच पाहिले आहे, त्यांस पेळूतून तंतू कसा निघतो हे येथे समजते. अशा ठिकाणी दाराशी अल्पशी फी मागितली गेलीच, तर ती आनंदाने द्यावी. ती चुकविण्यात पुरुषार्थ नाही.

दुपारी उन्हे कलती झाल्यावर गोपुरीकडे निघालो. आयुष्याच्या अखेरीस जमनालालजींनी गोसेवेचे व्रत घेतले व ते गोपुरीत झोपडी बांधून राहिले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते निवर्तले. त्याच परिसरात गीताई मंदिर आहे. या मंदिराला छप्पर नाही, आणि आत मूर्तीही नाही. विनोबांनी आपल्या आईसाठी गीतेचा जो समश्लोकी मराठी अनुवाद केला, त्याचे अठरा अध्याय उभ्या शिळांवर कोरून त्या शिळांच्याच भिंती केल्या आहेत. वरून पाहिले असता त्यांची आखणी गाय आणि चरखा यांच्या आकाराची दिसते. ७ ऑक्टोबर १९८० रोजी स्वतः विनोबांच्या उपस्थितीत हे मंदिर लोकांस खुले झाले. ‘गीताई’च्या लेखनास आरंभ झाला तोही १९३० सालच्या ७ ऑक्टोबरलाच, मध्ये बरोबर पन्नास वर्षे गेली. आमची आई रोज एक अध्याय म्हणते, त्यामुळे मुलांच्या कानांवर ते शब्द होतेच. मुक्ता एका शिळेपासून दुसरीपर्यंत मोठ्याने वाचीत निघाली आणि अर्धा अध्याय संपेपर्यंत थांबली नाही.

शेजारीच शुभ्र विश्वशांती स्तूप उभा आहे. जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी हे १९३३ साली गांधीजींना वर्ध्यात भेटले. पुढे जगात ठिकठिकाणी शांतिस्तूप उभारण्याचे कार्य त्यांनी हाती घेतले, त्यांपैकी हा एक. चारही दिशांना बुद्धाच्या मूर्ती आहेत. संध्याकाळी तेथे बसण्यास कोणी काही मागत नाही. मागणे एवढेच, की शांतता राखावी. परतताना गोरस भांडारातील गोरसपाक घेतला. गाईच्या तुपातील ही खुसखुशीत बिस्किटे वर्ध्याची ओळख होऊन बसली आहेत. श्रीधरच्या वहीतील पहिला खर्च तो हाच. रात्री आमच्या एका जुन्या स्नेह्यांकडे उतरलो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच सेवाग्रामची वाट धरली. अंतर सुमारे आठ किलोमीटर. रमतगमत दोन तास लागतात. माघातील थंडी, शेतांतून तुरीच्या कापणीची लगबग, कोठे कोठे वेचणीच्या शेवटच्या कापसाची पांढरी बोंडे. वऱ्हाड-वर्ध्याकडच्या या काळ्या जमिनीचे कौतुक ऐकावयाचे तर तिच्यावरून चालतच गेले पाहिजे. मोटारीतून ती फक्त काळी दिसते.

या गावाचे मूळ नाव शेगाव. गांधीजी येथे ३० एप्रिल १९३६ रोजी आले. गजानन महाराजांच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल तिकडे जाऊ लागले, म्हणून १९४० साली याचे सेवाग्राम असे नामकरण झाले. आरंभी आदिनिवास ही एकच झोपडी होती. गांधीजी, कस्तुरबा आणि आलेगेले पाहुणे सारे त्या एका छपराखाली राहत. बायकामाणसांस आडोसा नाही हे जमनालालजींच्या ध्यानी आले, आणि बांसाठी वेगळी कुटी उभी राहिली. हे वाचून मुक्ता म्हणाली, “एवढ्या थोर माणसाच्या ध्यानात ही गोष्ट आधी आली नाही!” आम्हांस या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, पण एकत्र कुटुंबात राहणाऱ्या प्रत्येक वाचकाने तो आपल्या घरापुरता स्वतःस विचारून पाहावा.

बापूंची म्हणून जी कुटी प्रसिद्ध आहे, ती मूळची मीराबेन यांची. कूड आणि माती यांच्या भिंती, वर कौले. भिंतींवर मीराबेननी मातीतच उठावाने काढलेली ताडाची झाडे अजून दिसतात. आत बसण्याची चटई, लहानसे मेज, मोजकेच सामान. साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि साप ठेवण्याचा पिंजरा पाहून श्रीधर चकित झाला. येथे साप मारीत नसत. पकडून दूर सोडून देत. व्हाइसरॉयाशी बोलण्यासाठी सरकारने बसवून दिलेल्या टेलिफोनची जागाही जपून ठेवली आहे. एकीकडे मातीची भिंत आणि दुसरीकडे साम्राज्याशी जोडलेली तार, असे दृश्य दुसऱ्या कोणत्या राजधानीत पाहावयास मिळाले असेल? वर्धा येथील बैठकीतच काँग्रेस कार्यकारिणीने १४ जुलै १९४२ रोजी इंग्रजांनी हिंदुस्थान सोडावा असा ठराव केला, आणि ऑगस्टमध्ये मुंबईस त्यावर शिक्कामोर्तब झाले. ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी येथून जे गेले ते परतलेच नाहीत.

आम्हांस सर्वांत अधिक वेळ थांबावेसे वाटले ते परचुरे कुटीपाशी. परचुरेशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींशी त्यांचा परिचय झालेला. त्यांस महारोग जडला. विद्या होती, घराणे होते, जातीचा मान होता. यांपैकी एकही गोष्ट त्यांस आसरा देऊ शकली नाही. ते सेवाग्रामास आले, तेव्हा गांधीजींनी आपल्या निवासापासून हाकेच्या अंतरावर त्यांची सोय केली आणि त्यांच्या जखमा स्वतःच्या हातांनी धुतल्या, अंगास मालीश केले. शास्त्रीबोवा पुढे दत्तपूरच्या कुष्ठधामात वारले. ते कुष्ठधाम मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ सुरू केले होते. श्रीधरची वही त्या वेळी बंदच राहिली.

आता आमच्या हातून घडलेला एक प्रमाद सांगितला पाहिजे. त्या दोन दिवसांत आम्ही एका संस्थेत अगदी भोजनाच्या वेळी जाऊन थडकलो. आगाऊ कळविलेले नव्हते. श्रीधरने कोठेसे वाचले होते की, अशा ठिकाणी आल्यागेल्यास जेवण मिळते. आम्ही नुसते दाराशी घुटमळलो. तेवढ्यावरून तेथील वृद्ध बाईंनी “या, बसा” म्हणून तीन पाने मांडली. भाकरी, भाजी, वरण. आम्ही पोटभर जेवलो. हात धुण्यास मागील बाजूस गेलो तेव्हा दिसले की, वाढणाऱ्या दोघीजणी चुलीपाशी बसून एक भाकरी दोघींत मोडून घेत आहेत. तेथे माणसे मोजून भाकऱ्या होतात. आणि आम्ही तिघे त्या मोजणीत नव्हतो.

कोणी एक शब्द बोलले नाही. तेच जड गेले. बाहेर आल्यावर श्रीधरने सवयीने वही उघडली, ‘जेवण’ असे लिहिले, आणि पुढचे शून्य काही त्याच्या हातून लिहिले गेले नाही. तो परत फिरला, पैसे देऊ लागला. त्या बाई म्हणाल्या, “जेवणाचे पैसे आम्ही घेत नाही.” मुक्ता तोवर आत जाऊन भांडी घासावयास बसली होती. मग आम्हीही बसलो. श्रीधरने विहिरीवरून पाणी आणले, अंगण झाडले. अडीच तास गेले, आणि त्या दिवशीचे आमचे एक ठिकाण पाहावयाचे राहून गेले. त्याबद्दल तिघांपैकी कोणासही वाईट वाटले नाही.

तिसऱ्या दिवशी पवनार. सेवाग्रामहून आडवाटेने दोन-अडीच तासांत पायी जाता येते. वर्ध्याहून नागपूर रस्त्याने गेल्यास एस. टी. सोडते. धाम नदीच्या खडकाळ पात्रावर उंच काठाशी विनोबांचा आश्रम आहे. १९३८ साली प्रकृती अगदी ढासळली असता ते येथे येऊन राहिले. नदीचा पूल ओलांडताना, आपण सर्व चिंता टाकली, असा संकल्प त्यांनी केला, आणि रोज थोडी थोडी जमीन खणण्यास आरंभ केला. प्रकृती सुधारली, आणि त्या खणण्यातून जुन्या मूर्ती बाहेर येऊ लागल्या. राम-भरत भेटीचे शिल्प त्यांतलेच. आज ती शिल्पे आश्रमात मांडलेली आहेत. पवनार म्हणजेच वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. प्रवरसेनाची माता प्रभावतीगुप्ता ही द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या. इतर विद्वान प्रवरपूर रामटेकजवळ मनसर येथे मानतात. नागपूर विद्यापीठाने १९६७ साली पवनारला उत्खननही केले. वाद पंडितांनी मिटवावा. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने राम आणि भरत यांची मिठी दगडात कशी बसविली, हे मात्र उघड्या डोळ्यांनी कोणासही पाहता येते.

वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा याच पवनारात बोलावयास उभे राहिले. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थी येथे धाम नदीत विसर्जित झाल्या. त्या तिथीस दरवर्षी सर्वोदय मेळा भरतो. १९५९ मध्ये विनोबांनी येथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. स्त्रियांनी सामुदायिक साधना करावी, आपला कारभार सर्वानुमते चालवावा आणि अंगमेहनतीने राहावे, असा त्याचा हेतू. मुक्ता तेथे बराच वेळ एका वयोवृद्ध भगिनींपाशी भाजी निवडीत बसली होती. काय बोलणे झाले ते तिने आम्हांस सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

नदीच्या खडकावर बसून दशम्या खाताना आम्ही मुलांस दुसऱ्या एका प्रवासाची गोष्ट सांगितली. मार्च १९५१ मध्ये विनोबा येथून हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनास निघाले. रेल्वे होती, पैसे देणारे होते. तरी ते पायी गेले. अंतर सुमारे तीनशे मैल. परतण्यापूर्वी तेलंगणात हिंडत असता १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीस भूमिहीनांनी जमीन मागितली, एका जमीनदाराने शंभर एकर देऊ केली, आणि भूदानाचा उगम झाला. पुढे तेरा वर्षे हा मनुष्य देशभर चालतच राहिला, तो १९६४ साली पवनारास परत आला. बिऱ्हाड पाठीवर घेणे म्हणतात ते याला! त्यांच्याजवळही तिकिटास पैसे नव्हतेच. पण ते ज्या गावी जात तेथे ‘येथे काय फुकट आहे’ असे विचारीत नसत. ‘येथे कोणास काय हवे आहे’ असे विचारीत.

ज्या वाचकांस आणखी एखादा दिवस काढता येईल, त्यांच्यासाठी दोन-चार ठिकाणे सुचवितो. नागपूर रस्त्यावरील केळझर येथे सिद्धिविनायकाचे स्थान आहे. विदर्भाच्या अष्टविनायकांत त्याची गणना होते, आणि महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, अशी तेथील लोकांची श्रद्धा. समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथे टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. तेथे मातीत गोलसर दगड सापडतात. थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल बाबांनी दगड करून टाकला, अशी कथा सांगतात. भूशास्त्रज्ञ त्यांस ज्वालामुखीच्या खडकातील झिओलाइटचे गोळे म्हणतात. मुलांस दोन्ही गोष्टी सांगाव्यात. गोडी कमी होत नाही. आष्टी येथे मोगल धर्तीचे नियाझी सरदारांचे मकबरे आहेत, आणि १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावात तेथील गावकऱ्यांनी प्राण दिले म्हणून ते गाव शहीद आष्टी म्हणून ओळखले जाते. बोरचे अभयारण्य २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले. परंतु तेथे प्रवेशाची व वाहनाची फी पडते, म्हणून आमच्या यादीत ते बसले नाही.

व्यवहाराच्या काही सूचना. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. चैत्र-वैशाखात इकडचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा पायी हिंडण्याचे धाडस करू नये. पिशवीचे ओझे आपल्याला दोन तास विनातक्रार वाहता येईल एवढेच असावे : कपड्यांचे दोन जोड, एक चादर, पाण्याची बाटली, टोपी, विजेरी आणि घरचे कोरडे खाणे. आश्रमांत राहावयाचे असल्यास आधी विचारणा करावी आणि होकार आल्यावरच जावे. तेथे पहाटे व सायंकाळी प्रार्थना होतात; त्यांस बसावे, मोबाईल बंद ठेवावा, छायाचित्रे काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी. जेवणाविषयी तर आमचा धडा वर आलाच आहे. आणि पाहण्यासाठी जे पैसे वाचले, त्यांतून खादीचा एखादा पंचा किंवा एखादे पुस्तक तेथेच विकत घ्यावे.

चौथ्या दिवशी नागपुरास परतलो. सारे घर भोवती जमले. दादांनी मुक्ताच्या पायांचे फोड पाहिले आणि न बोलता खोबरेल तेलाची बाटली आणून दिली. श्रीधरने वही वाचून दाखविली : रेल्वे व एस. टी., चहा, गोरसपाक, दोन पंचे, एक ‘गीताई’. तिघांचा मिळून खर्च लग्नातील एका पाकिटाहूनही कमी भरला. सर्वांनी वाहवा केली. आई तेवढी गप्प होती. मग तिने विचारले, “एवढे पाहून आलात, खाऊन आलात, देऊन काय आलात?”

श्रीधरने त्या भाकरीची गोष्ट सांगितली. काही वगळले नाही. दोघींनी मोडून घेतलेली भाकरीसुद्धा. आई ऐकत होती. शेवटी म्हणाली, “भांडी घासलीत ते बरे केलेत. पण ते त्या दिवसापुरते झाले. वार जेवलेल्याचे फिटते ते दुसऱ्याला वाढूनच.”

पुण्यास आल्यावर पंधरा दिवसांनी श्रीधर आपल्या महाविद्यालयातील एका मुलास जेवावयास घेऊन आला. मुलगा आर्वीकडच्या खेड्यातला, खोली करून राहणारा, कापूस बुडाल्यामुळे खाणावळीचे पैसे थकलेला. त्याचे आडनाव काय, जात कोणती, हे आमच्या घरात कोणी विचारले नाही. आईने तर पान मांडतानाच “बस बाळ” म्हटले. आता दर गुरुवारी तो येतो. आमच्या घरी त्याचा तो वार आहे.